पिशवी कोठे फाटते?



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी स्वतः शिवलेली एक कापडी पिशवी खांद्याला अडकवून कॉलेजातून निघालो होतो. पिशवीत विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्या होत्या. पाऊस नुकताच थांबला होता. समोर बस दिसली म्हणून मी धावलो आणि पट्टा निसटला. वह्या डबक्यात पडल्या. शाई पसरली आणि चार विद्यार्थ्यांना आपले प्रयोग पुन्हा लिहून काढावे लागले. चूक माझी, शिक्षा त्यांना!

घरी येऊन मी पिशवी नीट पाहिली. कापड शाबूत होते. पट्टाही शाबूत होता. पट्टा पिशवीच्या तोंडाशी जेथे जोडला होता, तेथील शिवण एका कोपऱ्यापासून ओळीने उसवत गेली होती. म्हणजे पिशवीत बळ होते, पण ते योग्य जागी नव्हते. हे कसे, ते आपण पाहू, आणि त्या ज्ञानावर एक चांगली शबनम पिशवी शिवू.

कापड दुकानदाराची युक्ती

दोन्ही हातांनी ओढून नवे कापड फाडून पाहा. सहसा फाटत नाही. पण दुकानदार काय करतो? कडेला कात्रीने लहानसा काप देतो आणि मग तेच कापड सरळ फाडत नेतो. कडेला काप नसताना तुमची ओढ शेकडो धाग्यांत वाटली जाते. काप दिला की ती कापाच्या टोकाशी असलेल्या मोजक्या धाग्यांवर येते. ते तुटले की पुढच्यांची पाळी. माझी पिशवी अशीच उसवली.

आता थोडे गणित करू. पिशवीत ४ किलोग्रॅम सामान आहे. त्याचे वजन ४ × ९.८, म्हणजे सुमारे ४० न्यूटन. पट्ट्याच्या प्रत्येक टोकावर त्याच्या निम्मे, २० न्यूटन बल येते. माझ्या पट्ट्याची शिवण ५ सेंटीमीटर लांब होती. एका सेंटीमीटरला ३ टाके धरले तर एकूण टाके १५. सर्व टाक्यांनी भार सारखा वाटून घेतला असता तर प्रत्येकावर सव्वा न्यूटनहून थोडा जास्त भार आला असता. पण पट्टा तिरका ओढला जातो, त्यामुळे कोपऱ्यातल्या टाक्यावर फार मोठा वाटा येतो. शिवाय धावताना पिशवी वरखाली हिसके खाते. पिशवी १० मीटर प्रतिसेकंद वर्ग एवढ्या त्वरणाने वर खेचली गेली तर त्या क्षणी पट्ट्यावरील बल जवळजवळ दुप्पट होते.

शबनमची रचना

शबनम पिशवी लक्षपूर्वक पाहिली आहे का? तिचा पट्टा तोंडाशी संपत नाही. तोच पट्टा पिशवीच्या बाजू होऊन खाली उतरतो, तळ होतो आणि दुसऱ्या बाजूने वर येतो. पिशवी ३६ सेंटीमीटर उंच असेल तर पट्ट्याच्या प्रत्येक टोकाला पुढची आणि मागची मिळून ७२ सेंटीमीटर शिवण लाभते, म्हणजे दोनशेहून अधिक टाके. तळाशी बसलेले सामान तर थेट पट्ट्यावरच बसते.

कापड कसे बेतावे

जाड मांजरपाट किंवा खादी सव्वा मीटर घ्या. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून ते आधीच भिजवून, वाळवून इस्त्री करा. मग पुढील तुकडे कापा :

१. पुढचा व मागचा भाग : ३६ सेंटीमीटर रुंद, ४० सेंटीमीटर उंच, दोन तुकडे.
२. पट्टा : १० सेंटीमीटर रुंद, १०३ सेंटीमीटर लांब, दोन तुकडे.

पट्टे कापडाच्या काठाला समांतरच कापा. कारण समजण्यासाठी एक रुमाल घ्या. तो धाग्यांच्या दिशेने ओढा, फारसा ताणत नाही. आता समोरासमोरचे कोपरे धरून तिरका ओढा. तो चांगलाच लांबतो! शिंपी अशा तिरक्या कापडाला उरेप म्हणतात. येथे धागे लांबलेले नसतात. उभ्या-आडव्या धाग्यांनी बनलेल्या चौकोनांचे समभुज चौकोन झालेले असतात. पट्टा उरेप कापला तर पिशवी रोज थोडी थोडी खाली लोंबू लागेल.

शिवण

पहिल्यांदा दोन्ही भागांची वरची कड आधी १ आणि मग २ सेंटीमीटर दुमडून शिवा. हे पिशवीचे तोंड झाले.

मग दोन्ही पट्ट्यांची टोके ५ सेंटीमीटर एकमेकांवर ठेवून जोडा आणि १९६ सेंटीमीटर घेराचे एक कडे तयार करा. कड्याला पीळ पडू देऊ नका. जोडावर चौकोनी शिवण घाला आणि तिच्यात कर्णांची फुली मारा. फुली कशासाठी? पुठ्ठ्याच्या चार सारख्या पट्ट्या टाचण्यांनी जोडून चौकोन करा. तो कोपऱ्यात दाबताच कलतो. आता एक कर्णपट्टी जोडा. दोन त्रिकोण झाले आणि आकृती घट्ट झाली. शिवाय फुलीमुळे टाक्यांची संख्याही वाढते.

आता कड्याचा एक जोड तळाच्या मध्यावर येईल असा ठेवून एक भाग कड्याला शिवा. सुलट बाजू आत ठेवा. एका तोंडापासून खाली, तळावरून आणि पुन्हा वर अशी सलग शिवण, कडेपासून १ सेंटीमीटर आत. तळाच्या कोपऱ्यांत पट्टा वळावा म्हणून त्याच्या कडेला बारीक काप द्या. तो शिवणीपर्यंत जाऊ देऊ नका. दुकानदाराची कात्री आठवा! दुसरा भागही असाच जोडा. पिशवी सुलट करा आणि खांद्यावरील पट्ट्याच्या कडा अर्धा-अर्धा सेंटीमीटर दोनदा दुमडून शिवून टाका.

तोंडाशी जेथे पट्टा पिशवीपासून सुटा होतो, त्या चार जागा सर्वांत नाजूक. तेथे २-३ सेंटीमीटर पुढेमागे दोनदा टीप घाला. पण एकाच जागी टाके खचाखच भरू नका. टपालाचे तिकीट छिद्रांच्या रेषेवर फाटते, तसे कापडही फाटेल. हाताने शिवणार असाल तर धावदोऱ्याऐवजी उलटी टीप घाला.

खांदा आणि सुई

पट्टा रुंद का? दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. खांद्यावर पट्टा १० सेंटीमीटर टेकतो असे धरू. त्याऐवजी १ सेंटीमीटर रुंदीची दोरी असती तर दाब दर चौरस सेंटीमीटरला ४ न्यूटन. आपला ८ सेंटीमीटरचा पट्टा चुरगळून ५ सेंटीमीटर उरला तरी दाब ०.८ न्यूटन, म्हणजे एकपंचमांश. सुईला मात्र उलट हवे असते. तिचे टोक अणकुचीदार, म्हणून थोड्या बलात मोठा दाब. आणि सुईच्या मागच्या टोकाने आपले बोट टोचू नये म्हणून अंगुस्तान! एकच नियम, तीन उपयोग.

पट्टा कितीही रुंद असला तरी ओझे तेवढेच राहते, हेही विसरू नका. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये. एका खांद्यावरच्या पिशवीने शरीर कलते, म्हणून अधूनमधून खांदा बदला.

करून पाहा

एकाच कापडाच्या सारख्या पट्ट्या घ्या. एक जोड एका ओळीच्या शिवणीने करा, दुसरा चौकोन-फुलीने. दोन्ही जोड एकाच दोऱ्याने, पण मुद्दाम कच्च्या, बारीक दोऱ्याने शिवा. प्रत्येक पट्टी खिडकीच्या गजाला बांधून खाली बादली टांगा. बादली जमिनीपासून चार बोटेच वर असू द्या आणि पाय दूर ठेवा. लिटरच्या मापाने पाणी ओतत जा. एक लिटर म्हणजे एक किलोग्रॅम. कोणता जोड किती वजनाला आणि कोणत्या टाक्यापासून उसवला, ते वहीत लिहा. शिक्षकांनी वर्गात गट पाडून निष्कर्षांची तुलना करावी.

माझी नवी पिशवी अजून शाबूत आहे. वह्या तिच्यातूनच नेतो. मात्र बस पकडायला आता धावत नाही!