वाड्याच्या फाटकाशी पोचण्याआधी

मे महिना लागला की डर्बीतल्या आम्हा मराठी घरांमध्ये पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. कुणाचे आई-वडील येतात, कुणाचे सासू-सासरे, कुणाची मावशी. लंडन बघून झालेलं असतं आणि मग फर्माईश होते, "आता जरा खेड्यातलं इंग्लंड दाखव. ते मोठे वाडे, बागा, कुरणात चरणाऱ्या मेंढ्या." डर्बीकरांना हे अवघड नाही. चॅट्सवर्थ, हार्डविक, केडल्स्टन, कॅल्क ही सगळी घरं गाडीने तासाभराच्या आत आहेत. तरीही लंडनच्या गर्दीत जेवढा मनस्ताप होत नाही, तेवढा या शांत गावांमधल्या सहलींत झालेला मी पाहिला आहे. आपल्याला सवय अजिंठ्याची किंवा रायगडाची. एक सरकारी खातं, एक तिकीट खिडकी, ठरलेली वेळ. इथे प्रत्येक घराचा मालक वेगळा आणि त्याचं वेळापत्रकही वेगळं.

एका जूनमध्ये आई आणि येवल्याची मावशी अशा दोघी आमच्याकडे होत्या. रविवार होता आणि गाडी दुरुस्तीला दिलेली. म्हणून आगगाडीने एका छोट्या स्टेशनवर उतरलो आणि तिथून टॅक्सी केली. जायचं होतं एका खासगी मालकीच्या वाड्यावर. टॅक्सीवाल्याने पोस्टकोड घातला आणि नकाशाने दोन्ही बाजूंनी उंच कुंपणं असलेल्या अरुंद गल्लीतून आम्हाला एका कुलूपबंद लोखंडी फाटकाशी नेऊन सोडलं. वाड्याची कौलं झाडांच्या वर दिसत होती, त्यामुळे आलोच असं वाटलं. टॅक्सी वळून निघून गेल्यावर फाटकावरची पाटी वाचली. हा रस्ता शेतीच्या कामासाठी होता, पाहुण्यांसाठी नव्हता. मोबाइलला रेंज नाही. मुख्य प्रवेशद्वारापर्यंत जायचं तर वाड्याच्या भिंतीला धरून मोटाररस्त्याने चालायचं, त्याला पदपथ नाही, आणि प्रत्येक वळणावर समोरून भरधाव मोटार. आईचा गुडघा दुखरा. आम्ही पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. बाग पाचपर्यंत उघडी होती, पण घरात शेवटचा प्रवेश तीनला संपला होता. परतीला गावातून बस मिळेल असं धरून चाललो होतो, तर त्या मार्गावर रविवारी बसच नव्हती. वर पाऊस. शेवटी तिकिटाच्या टपरीतल्या बाईंनी आपल्या ओळखीच्या टॅक्सीवाल्याला साध्या फोनवरून बोलावलं, तेव्हा आमची सुटका झाली. मावशीने त्या वाड्याचं आतलं एक दालनही पाहिलं नाही, आणि दोन दिवसांनी तिचं परतीचं विमान होतं.

त्या दिवसाची हळहळ अजून जात नाही, म्हणून हे सविस्तर सांगते आहे.

सगळ्यात आधी घर कुणाचं आहे ते बघा. नॅशनल ट्रस्ट ही १८९५ साली स्थापन झालेली संस्था. विसाव्या शतकात वारसाकर आणि नोकरचाकरांचा खर्च पेलेना, तेव्हा शेकडो वाडे पाडले गेले. १९३७च्या कायद्याने अशी घरं ट्रस्टच्या हवाली करण्याची वाट मोकळी झाली, आणि १९४० साली लॉर्ड लोथियन यांच्या मृत्युपत्राने नॉरफोकमधलं ब्लिकलिंग हॉल ट्रस्टकडे आलं. आज हार्डविक, केडल्स्टन, कॅल्क ही तिन्ही ट्रस्टची आहेत. इंग्लिश हेरिटेज ही निराळी संस्था, तिच्याकडे किल्ले, पडके मठ आणि काही मोठी घरं आहेत. एकीचं सभासदत्व दुसरीकडे सहसा चालत नाही. स्टोनहेंज हा मोठा अपवाद. ते इंग्लिश हेरिटेज चालवतं, पण भोवतालची जमीन ट्रस्टची असल्यामुळे ट्रस्टच्या सभासदांना तिथे तिकीट पडत नाही.

तिसरा प्रकार खासगी घरांचा आणि फसगत तिथेच जास्त. चॅट्सवर्थसारखं घर वर्षातला बराच काळ उघडं असतं. पण अनेक मालकांनी वारसाकरातून सूट घेतलेली असते, ती लोकांना घर बघू देण्याच्या अटीवर, आणि ही अट साधारणपणे वर्षातून २८ दिवसांची असते. तेवढे दिवस भरले की फाटक बंद. हॅम्पशरमधलं स्ट्रॅटफील्ड से, म्हणजे जालन्याकडच्या असईची लढाई जिंकणाऱ्या वेलिंग्टनचं घर, वर्षातले मोजकेच आठवडे उघडतं. जालन्याकडचा कुणी ते घर बघायचं मनात धरून येणार असेल, तर त्याने आधी तारखा बघाव्यात आणि मग विमानाचं तिकीट काढावं. खासगी घरात लग्न असतं, सिनेमाचं चित्रीकरण असतं, त्या दिवशीही प्रवेश बंद. आदल्या संध्याकाळी संकेतस्थळ पुन्हा एकदा बघायचं आणि शंका असली तर सरळ फोन करायचा.

वेळ बघताना घराची, बागेची आणि भोवतालच्या कुरणाची अशा तिन्ही वेळा वेगवेगळ्या वाचा, आणि 'शेवटचा प्रवेश' हे शब्द शोधा. कुरण सकाळी लवकर उघडतं, घर बहुधा अकराच्या सुमाराला, आणि दुपारी ते सगळ्यात आधी बंद होतं. म्हणून आमच्याकडे आता शिरस्ता आहे, आधी घर, मग जेवण, मग बाग. चहाघराचं स्वयंपाकघरही लवकर आवरतं. वडीलमाणसं बरोबर असली तर थालीपीठ-दह्याचा डबा घ्यावाच. कुरणात बसून खायला सहसा हरकत नसते, घरात मात्र पाण्याची बाटलीसुद्धा पिशवीतच राहू द्या.

रस्त्याचं म्हणाल तर खेड्यात एकाच पोस्टकोडात कित्येक शेतं आणि घरं येतात. नकाशा त्यातलं कुठलंही ठिकाण दाखवू शकतो. वाड्याच्या संकेतस्थळावर पाहुण्यांच्या प्रवेशाचा पत्ता वेगळा दिलेला असतो, तो घ्या. शेवटचे दोन-तीन मैल फोन खाली ठेवून रस्त्याकडेच्या तपकिरी पाट्या बघत जा. या पाट्या पर्यटकांसाठीच असतात आणि ट्रस्टच्या ठिकाणी त्यांवर ओकच्या पानाचं चिन्ह असतं. गाडी नसेल तर रविवार टाळा. टॅक्सीने जायचं असलं तर परतीची टॅक्सी स्टेशनवरच, त्याच चालकाशी बोलून पक्की करा आणि त्याचा नंबर कागदावर लिहून घ्या.

आत शिरल्यावर अनेकांची पहिली तक्रार असते ती अंधाराची. एवढे पैसे भरले आणि पडदे ओढलेले! यामागचं कारण कॅल्क ॲबीमध्ये डोळ्यांनी दिसतं. हार्पर-क्रू घराण्याचं हे घर १९८५ साली ट्रस्टकडे आलं. तिथल्या पेट्यांमध्ये एका पलंगाचे चिनी रेशमी पडदे निघाले. १७३४ साली एका राजकन्येकडून लग्नाच्या आहेरात आले असावेत असं मानतात. ते कधी नीट उलगडून लावलेच गेले नव्हते. आज काचेआड तो पलंग उभा आहे. गडद निळ्या आणि पांढऱ्या रेशमावर ड्रॅगन, पक्षी, सोनेरी तार, आणि रंग इतके ताजे की डोळा ठरत नाही. मावशी नंतरच्या खेपेला आली तेव्हा तिला तिथे नेलं. पैठणीच्या मागावर जिचं बालपण गेलं, ती बाई काचेला नाक लावून उभी राहिली आणि म्हणाली, "याला ऊन लागलेलंच नाही गं." उजेडाने रेशमाची झीज होते ती थेंबाथेंबाने होते आणि कधीच भरून येत नाही. म्हणून नाजूक कापडांच्या दालनात उजेड ५० लक्सच्या आसपास ठेवतात आणि दिवसातले तासही मोजून देतात. घर लवकर बंद होण्याचं आणि हिवाळ्यात पुष्कळ घरं बंद राहण्याचं हे एक मोठं कारण. फ्लॅश मारू नका, आणि दारातून आत आल्यावर मिनिटभर नुसतं थांबा. डोळे सरावले की भिंतीवरच्या विणकामातल्या आकृती दिसू लागतात. हार्डविकच्या लांबलचक दालनात गिडियनच्या कथेचे तेरा प्रचंड विणपट आहेत. हे घर बांधवून घेणाऱ्या बेस ऑफ हार्डविकने ते १५९२ साली विकत घेतले आणि त्यांची डागडुजी चोवीस वर्षं चालून २०२३ साली पुरी झाली. ते घाईने बघण्यासारखे नाहीत.

या घरांमध्ये गारठाही असतो. तिथली ऊब माणसांसाठी नसून हवेतला दमटपणा ताब्यात ठेवण्यापुरती असते. जूनमध्येसुद्धा शाल हाताशी असू द्या. पाठीवरची पिशवी पुढे घ्यायला किंवा ठेवून यायला सांगतात, टोकदार टाचांच्या चपला चालत नाहीत.

आणि खुर्च्या. दमलेलं माणूस समोर दिसेल त्या खुर्चीवर टेकतं. ज्या आसनावर पाइनचं सुकं फळ किंवा एखादं काटेरी सुकलेलं बोंड ठेवलेलं दिसेल, तिथे बसायचं नाही, अशी इथली खूण आहे. पाटी नाही, दोरी नाही, फक्त ते बोंड. पण जवळच पाहुण्यांसाठी साधी खुर्ची बहुधा असते. दिसली नाही तर दालनातल्या स्वयंसेवकाला विचारा, संकोच करू नका. जिने किती आहेत, लिफ्ट आहे का, वाहनतळापासून छोटी गाडी मिळते का, हेही आधी फोनवर विचारून ठेवा. हार्डविकसारख्या सोळाव्या शतकातल्या घराचे मुख्य मजले उंच जिन्यांवर आहेत.

तिकीट काढताना पुष्कळ ठिकाणी 'गिफ्ट एड' हवं का असं विचारतात. त्यात तिकिटावर थोडी देणगी धरलेली असते आणि आपण इथला कर भरतो असं लिहून द्यावं लागतं. भारतातून आलेल्या पाहुण्याने नम्रपणे नाही म्हणावं आणि साधं तिकीट मागावं. यात कंजूषपणा नाही, तो नियमच करदात्यांसाठी आहे.

बागेसाठी महिना महत्त्वाचा. निळी ब्लूबेल्स बघायची तर एप्रिलअखेर ते मेचा मध्य, गुलाब जूनमध्ये, पानांचे रंग ऑक्टोबरच्या शेवटी. चॅट्सवर्थची बाग मात्र कधीही बघावी, आणि तिथे जाताना खानदेशातल्या माणसाला जोसेफ पॅक्स्टनची गोष्ट जरूर सांगावी. घराचा मालक असलेल्या सहाव्या ड्यूकच्या या माळ्याने १८३०च्या सुमाराला तिथल्या काचघरात एक बुटकी केळ लावली, तिला फळं धरवली आणि ड्यूकच्या कॅव्हेंडिश या आडनावावरून तिचं नाव पडलं. जळगावची बसराई आणि ग्रँड नैन ही दोन्ही याच कॅव्हेंडिश गटातली. रावेरच्या आमच्या एका नातेवाइकांना हे सांगितल्यावर त्यांनी कारंज्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, सरळ काचघरांचा रस्ता विचारला.

केडल्स्टनसाठी अख्खा दिवस राखून ठेवा. हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झालेला लॉर्ड कर्झन इथे १८५९ साली जन्मला आणि इथल्याच चर्चमध्ये त्याची समाधी आहे. कोलकात्याचं राज्यपालांचं निवासस्थान (पूर्वीचं राजभवन) याच घराच्या आराखड्यावरून बेतलं गेलं, आणि ते बांधवून घेणारा गव्हर्नर जनरल वेलस्ली हा वेलिंग्टनचा थोरला भाऊ, १८०३ साली मराठ्यांशी युद्ध पुकारणारा. कर्झनने हिंदुस्थानातून आणि आशियातून आणलेल्या वस्तूंचं दालन तळमजल्यावर आहे. लोक आधी वरच्या संगमरवरी दिवाणखान्याकडे जातात, तिथे रेंगाळतात आणि खाली येईपर्यंत वेळ संपतो. तुम्ही उलटं करा. आधी तळमजला. १९०३च्या दिल्ली दरबारासाठी लेडी कर्झनने शिवून घेतलेला मोरपिशी पोशाख याच घराचा. भरतकाम दिल्लीच्या कारागिरांचं, शिलाई पॅरिसची. कापड जुनं आणि नाजूक असल्यामुळे निघण्यापूर्वी तो मांडलेला आहे ना, हे फोन करून विचारा.

तिथल्या स्वयंसेवकांना मोकळेपणाने प्रश्न विचारा. ही वस्तू इथे आली कशी? विकत, भेट म्हणून, की आणखी कशी? कर्झनच्या वंगभंगाचा, स्वदेशीच्या चळवळीचा इतिहास शाळेत शिकलेल्या आपल्या आई-वडिलांना हे विचारायचं असतं, पण इंग्रजीचा संकोच आड येतो. आपण मध्ये उभं राहून दोन्हीकडचं बोलणं पोचवावं. २०२० साली ट्रस्टने स्वतःच्या ९३ ठिकाणांचा वसाहतींशी आणि गुलामगिरीशी असलेला संबंध अहवाल काढून जाहीर केला, त्यामुळे हे प्रश्न तिथे नवे नाहीत. माझ्या आईला स्वयंसेवक असलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी दालनातलं प्रत्येक कपाट दाखवलं. तिने त्यांना दोन हस्तिदंती मूर्तींमधले देव कोणते ते समजावून सांगितलं, आणि त्यांनी ते आपल्या वहीत लिहून घेतलं.