कोरगावच्या नोटिशीबद्दल भाचीस पत्र

डिचोली

चि. सुलक्षणा हिस,


नोटिशीचे फोटो मिळाले. दोन्ही पाने सावकाश वाचली. भाट, म्हणजे ती माडांची बागायत, विकत घेतलेल्या नव्या मालकाच्या वकिलाने ती पाठवली आहे आणि पंधरा दिवसांत घर खाली करा, नाहीतर पुढील कारवाई करू, असे लिहिले आहे. तुझ्या सासूबाईंनी ती वाचून सामान बांधायला घेतले, हे ऐकून जीव कळवळला. त्यांना आधी शांतपणे सांग की वकिलाच्या नोटिशीवर गोव्यात कोणाचेही घर रिकामे होत नाही. ते फक्त समोरच्याचे म्हणणे आहे. न्यायालयाचा किंवा मामलेदाराचा आदेश हाती असल्याशिवाय दाराला हात लावण्याचा अधिकार समोरच्याला नाही. मात्र नोटीस फडताळात ठेवून गप्पही बसू नकोस. मुदतीच्या आत, पोच मिळेल अशा टपालाने उत्तर गेलेच पाहिजे. उत्तर नसले की पुढे कोर्टात समोरचा म्हणतो, यांना काही म्हणायचेच नव्हते.

उत्तरात पहिली गोष्ट कोणती लिहायची, यासाठीच हे लांबलचक पत्र. नोटिशीत तुम्हाला सगळीकडे ‘भाडेकरू’ म्हटले आहे. तुम्ही भाडेकरू नाही, मुंडकार आहात. हा शब्द बदलला की कायदा बदलतो, कचेरी बदलते आणि हक्कही बदलतो. मामलेदार कचेरीत नोकरी करताना मी हे पुन्हा पुन्हा पाहिले. हक्क होता, कागदही होते, पण माणूस चुकीच्या नावाने चुकीच्या दारात उभा राहिला आणि घर गेले.

तुझ्या सासऱ्यांचे वडील भाटकाराच्या, म्हणजे भाटाच्या मालकाच्या, माडांची राखण करत, पाडणीला मदत करत आणि त्याच भाटात त्यांनी मातीचे घर बांधले. भाटकाराने जागा दिली, घर मुंडकाराने उभारले, बदल्यात पडेल ते काम केले, ही पेडण्यात आणि डिचोलीत पिढ्यान्‌पिढ्या चाललेली रीत. भाटकाराची मर्जी फिरली की चूल बाहेर, हेही त्या रीतीतच बसत होते. त्याला बंध घातला तो 1975 च्या मुंडकार संरक्षण कायद्याने. तो 12 मार्च 1976 पासून लागू झाला. 12 मार्च हा गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचा जन्मदिवस आणि पेडणे हे त्यांचे जन्मगाव, म्हणून ही तारीख आपल्या लोकांनी तरी विसरू नये असे मला वाटते.

हा कायदा सांगतो की भाटकाराच्या संमतीने जो आपल्या घरात कायम वस्ती करून राहतो, तो मुंडकार. मग तो भाटकाराची चाकरी करो वा न करो. संमतीचा लेखी कागद मागितला तर घाबरू नकोस, त्या काळी असा कागद कोणी केलाच नव्हता. कायदा लागू होण्याच्या तारखेपूर्वी निदान वर्षभर माणूस तिथे राहत असेल आणि त्या वर्षात भाटकाराने त्याला काढण्यासाठी काही कारवाई केली नसेल, तर संमती होती असेच कायदा धरतो. तुमचे घर त्याआधीचे आहे. भाट विकले गेले म्हणून मुंडकारपण संपत नाही. जमिनीचा आजचा मालक तोच आजचा भाटकार, आणि हक्क वारसांकडे येतो.

आता ज्यांना हे संरक्षण नाही, तेही समजून घे, कारण समोरचा वकील तिथेच बोट ठेवणार. भाटकाराच्या मालकीच्या घरात भाडे देऊन राहणारा मुंडकार होत नाही. भाटकाराच्या घराच्या आवारातल्या खोलीत राखणदार म्हणून राहणारा होत नाही. खाणीच्या किंवा कारखान्याच्या नोकरीपोटी मिळालेल्या घरात राहणाराही होत नाही. डिचोली तालुक्यात खाणींमुळे हा शेवटचा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे आला. म्हणूनच कोणी गोड बोलून ‘नुसती सही करा, वर्षाचे थोडे भाडे दाखवू, तुम्हालाच पावती मिळेल’ म्हणाला तर पेन हातात घ्यायचे नाही. एका म्हाताऱ्या बाईंनी अशी सही केलेली मी पाहिली आहे. पुढे त्याच पावत्या त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभ्या राहिल्या.

कागद गोळा कर. पंचायतीच्या घरपट्टीच्या जितक्या जुन्या पावत्या मिळतील तितक्या, विजेचे बिल, रेशनकार्ड, मतदारयादीतली नावे, सासऱ्यांचा शाळेचा दाखला, त्यावर गाव आणि वाडा असतो. सर्व्हेचा एक-चौदाचा उतारा काढ आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात तुमच्या घरातल्या कोणाचे नाव आहे का ते पाहा. तिथे नाव असेल तर अर्धी लढाई सोपी. नसेल तरी लढाई संपत नाही, इतर पुरावे चालतात. मग पेडण्याच्या मामलेदार कचेरीत जाऊन मुंडकारांच्या नोंदवहीत तुमच्या कुटुंबाची नोंद आहे का, हे लेखी अर्ज करून विचार. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस.

नोंदीपाशी बहुतेक लोक थांबतात, आणि मला सर्वांत जास्त काळजी तिथेच वाटते. नोंद म्हणजे तुम्ही मुंडकार आहात एवढेच मान्य झाले. घराखालची जमीन त्याने तुमची होत नाही. ती विकत घेण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, पण त्यासाठी मामलेदाराकडे वेगळा अर्ज करावा लागतो. पंचायत क्षेत्रात घराभोवतीची पाच मीटर जागा किंवा घरासकट 300 चौरस मीटर, यांपैकी जे जास्त असेल ते मिळते; शहरात दोन मीटर किंवा 200 चौरस मीटर. कित्येक कुटुंबांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात नोंद केली आणि खरेदीचा अर्ज केलाच नाही. तेव्हा जमिनीला भाव नव्हता, भाटकाराशी संबंध गोड होते, मध्येच का दुखवा असे वाटले. आज मोपाचा विमानतळ झाला, मोरजी-मांद्रे-हरमलच्या किनाऱ्यावरून खरेदीदार आत कोरगावपर्यंत आले, आणि ज्या भाटकाराच्या शब्दावर विश्वास होता तो भाटकारच उरला नाही.

मयेचे उदाहरण आठव. डिचोली तालुक्यातले ते गाव मोठ्या प्रमाणात एका पोर्तुगीज काळातल्या कोंदाच्या, म्हणजे किताबधारी जमीनदाराच्या, मालकीचे. 1961 च्या मुक्तीनंतर मालक निघून गेले, आणि 1964 च्या कायद्याखाली मिळकत सरकारी कस्टोडियनकडे आली. पिढ्या तिथेच राबल्या, पण पायाखालची जमीन स्वतःच्या नावावर नाही, घराच्या दुरुस्तीलाही परवानगीची वाट. लोकांनी समिती करून वर्षानुवर्षे आंदोलन केले, तेव्हा 2014 साली विधानसभेने कायदा करून ती मालकी संपवली, आणि सनदा लोकांच्या हाती पडायला त्यानंतरही वर्षे लागली. मयेकरांनी एकेकट्याने अर्ज केले असते तर कस्टोडियनच्या टेबलावरच राहिले असते, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या वाड्यावर आणखी कोणाकोणाला अशीच नोटीस आली आहे ते आज संध्याकाळीच विचार. उत्तर प्रत्येकाचे वेगळे जाईल, पण वकील एक करा आणि मामलेदाराकडे एकत्र जा.

नोटिशीनंतर कोर्टाचे खरे समन्स येऊ शकते. ते मात्र नाकारायचे नाही. घेतले नाही तरी बजावले असेच धरले जाऊ शकते. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी जबाब द्यायचा असतो. कोर्ट नव्वदपर्यंत मुदत वाढवू शकते, पण त्या आशेवर राहू नये. जबाबात ‘आम्ही मुंडकार आहोत’ हे स्पष्ट शब्दांत हवे. मुंडकार आहे की नाही हे दिवाणी न्यायालय ठरवत नाही. तो मुद्दा मामलेदाराकडे पाठवावा लागतो आणि तोवर दावा थांबतो. जबाबात ते वाक्यच नसेल, तर कोर्टाला कळणार कुठून? आणि कोणी कायदा गुंडाळून जबरदस्तीने बाहेर काढलेच, तर सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागण्याचा दावा करता येतो. त्यात मालकी कोणाची हा प्रश्न कोर्ट विचारत नाही.

वकिलाच्या खर्चाची चिंता करू नकोस. विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. पेडण्याच्या कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे सासूबाईंच्या नावाने अर्ज कर. 15100 या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते.

म्हापशाला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या तुझ्या दिराचे प्रकरण निराळे आहे. त्याला 1968 चा भाडेनियंत्रण कायदा लागू होईल. तीन महिन्यांचे भाडे थकले आणि रजिस्टर नोटीस मिळाल्यावर तीस दिवसांत भरले नाही, तर घर खाली करण्याचे कारण मालकाला मिळते. त्याने भाडे बँकेतूनच पाठवावे. मालकाने घेतले नाही तर मनिऑर्डर करावी आणि परत आलेली पावती जपावी.

तुझ्या शेजारणीचे घर सरकारी जागेत आहे म्हणतेस. तिला सांग, सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 रोजी ठरवून दिले आहे की घर पाडण्यापूर्वी किमान पंधरा दिवसांची कारणे दाखवा नोटीस, सुनावणी, आणि अंतिम आदेशानंतर पुन्हा पंधरा दिवस द्यावेच लागतात. रस्ता, पदपथ, नदी किंवा रेल्वेलगतच्या अतिक्रमणाला आणि न्यायालयानेच आदेश दिलेल्या पाडकामाला ते लागू नाही, म्हणून तिची जागा नेमकी कुठे येते ते आधी सर्व्हेच्या नकाशावर पाहावे लागेल. नकाशा आण, मी बघतो.

नोटिशीचे पाकीट फेकू नकोस. त्यावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून मुदत मोजायची आहे. येत्या सोमवारी सकाळी पेडण्याच्या कचेरीत मी येतो. घरपट्टीच्या पावत्या, एक-चौदाचा उतारा आणि दोन झेरॉक्स प्रती घेऊन ये. सासूबाईंनाही आण, अर्जावर सही त्यांचीच लागेल.

तुझा,
आनंदमामा