भाऊसाहेब बांदोडकर : एक पराभव आणि एक विजय

राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत राष्ट्रीय नेत्यांना भरपूर जागा मिळते. लहान प्रदेशाच्या नेत्याची मात्र एखाद्या तळटिपेत बोळवण होते. वस्तुतः मतदार आणि नेता यांचे नाते लहान प्रदेशात अधिक स्पष्ट दिसते. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बाळकृष्ण बांदोडकर यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. ज्या मागणीसाठी त्यांचा पक्ष जन्माला आला ती मागणी १९६७ च्या जानेवारीत जनतेने फेटाळली. आणि त्याच जनतेने मार्च महिन्यात त्यांच्याच हाती पुन्हा सत्ता दिली. हे कसे घडले, हा या लेखाचा विषय आहे.

बांदोडकरांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे झाला. पेडणे हा गोव्याच्या ‘नव्या काबिजादी’तला महाल. तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी हे प्रदेश पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकातच घेतले. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा इत्यादी महाल अठराव्या शतकात त्यांच्याकडे गेले. या नव्या महालांत हिंदू बहुजनांची वस्ती मोठी, पण जमीन बहुतांशी मूठभर भाटकारांची आणि शिक्षण दुर्मिळ. या समाजातून वर आलेल्या बांदोडकरांनी खाणउद्योगात पैसा मिळवला आणि तो सढळ हाताने लोकांत वाटला. ‘भाऊ’ हे नाव त्यांना सत्तेपूर्वीच मिळाले होते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पहिली विधानसभा निवडणूक ९ डिसेंबर १९६३ रोजी झाली. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण व्हावे, ही मागणी घेऊन स्थापन झालेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष एका बाजूला, तर स्वतंत्र अस्तित्वाचा आग्रह धरणारा, डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड गोवन्स पक्ष दुसऱ्या बाजूला. ज्या काँग्रेसच्या केंद्र सरकारने गोवा मुक्त केला, त्या काँग्रेसला गोव्यातील २८ पैकी एकही जागा मिळाली नाही. बांदोडकर स्वतः या निवडणुकीत उभे नव्हते. तरीही २० डिसेंबर रोजी मुख्यमंत्रिपदाची शपथ त्यांनीच घेतली आणि नंतर मडकई मतदारसंघातून ते विधानसभेत आले.

या सरकारच्या कामाचे दोन मुख्य भाग सांगता येतील. पहिला भाग शाळांचा. खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. शिक्षक अपुरे पडले तेव्हा ते महाराष्ट्रातून आले. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या कोणी पाटी धरली नव्हती, तिथली मुले शाळेत जाऊ लागली. दुसरा भाग जमिनीचा. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळांना मनमानी निष्कासनापासून संरक्षण दिले आणि खंडावर मर्यादा घातली. जमीन एका रात्रीत कुळाच्या नावे झाली असे नव्हे. परंतु भाटकाराच्या मर्जीवर जगणाऱ्या माणसाला कायदा आपल्या बाजूने उभा राहू शकतो, हे प्रथमच कळले.

यानंतर आला १९६७ चा जनमत कौल. विलीनीकरणाचा प्रश्न विधानसभेतील बहुमताने न सोडवता थेट जनतेला विचारावा, असे ठरले आणि संसदेने १९६६ साली तसा कायदा केला. सत्तेवर असलेले सरकार मतदानावर दडपण आणील, या विरोधकांच्या आक्षेपामुळे बांदोडकर मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेशासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली, संघप्रदेशाला १,७२,१९१. म्हणजे ३४,०२१ मतांनी विलीनीकरणाचा पराभव झाला.

या निकालाचा अर्थ लावताना हिंदू विरुद्ध ख्रिस्ती असे सोपे समीकरण पुष्कळदा मांडले जाते. ते पुरेसे नाही. त्या काळी गोव्याच्या लोकसंख्येत हिंदूंचे प्रमाण सुमारे तीन पंचमांश होते. विलीनीकरणाला मते मिळाली सुमारे साडेत्रेचाळीस टक्के. तेव्हा बऱ्याच हिंदू मतदारांनीही दोन पाने पसंत केली, हे उघड आहे. मराठी विरुद्ध कोंकणी हे समीकरणही अपुरे ठरते. विलीनीकरणाच्या बाजूने ‘गोमन्तक’ हे मराठी दैनिक लढत होते, तर विरोधात ‘राष्ट्रमत’ हेही मराठीच दैनिक होते. चंद्रकांत केणी संपादित ‘राष्ट्रमत’मधून उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर मराठी वाचकाला मराठीतूनच सांगत होते की, मराठीवर प्रेम करण्यासाठी गोव्याचा जिल्हा होण्याची गरज नाही.

पक्षाचा मूळ हेतूच संपल्यावर पक्ष कसा टिकणार, असा प्रश्न साहजिक होता. परंतु २८ मार्च १९६७ च्या निवडणुकीत मगो पक्षाने ३० पैकी १६ जागा जिंकल्या आणि बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. १९७२ मध्ये या जागा १८ झाल्या. आमच्या मते याचे उत्तर असे : जानेवारीत मतदाराला विचारले होते, ‘तुझा प्रदेश कोणता?’ मार्चमध्ये विचारले, ‘तुझे राज्य कोणी चालवावे?’ हे दोन प्रश्न त्याने वेगळे ओळखले. विलीनीकरण नको असलेल्या मतदारांपैकी काहींनाही शाळा आणि कूळ कायदा हवा होता. विरोधकांचा विजय गोव्याच्या अस्तित्वापुरता होता. कुळाच्या दारापर्यंत तो पोहोचला नव्हता.

अर्थात या कारकीर्दीची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. पक्षाची सारी भिस्त एका व्यक्तीवर होती. १९७० साली पक्षातील काही आमदारांनी बंड केले, तेव्हा विरोधी बाकांवरील सदस्यांच्या साहाय्याने सरकार तरले. १२ ऑगस्ट १९७३ रोजी पदावर असतानाच बांदोडकरांचे निधन झाले आणि नेतृत्व त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर यांच्याकडे गेले. त्यांच्या काळात १९७५ साली मुंडकार कायदा आणि १९७६ साली ‘कसेल त्याची जमीन’ या तत्त्वाची दुरुस्ती संमत झाली. म्हणजे वडिलांनी आरंभिलेले काम पुढे गेले. तथापि १९७९ मध्ये सरकार कोसळले, १९८० मध्ये सत्ता गेली आणि पक्षाला स्वबळावर ती पुन्हा मिळाली नाही. ज्या पक्षाची संघटना नेत्याच्या लोकप्रियतेवर उभी असते, त्याचे आयुष्य त्या लोकप्रियतेच्या आठवणीपेक्षा फारसे लांब नसते.

३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र घटक राज्य झाला. १९६७ च्या कौलाने मोकळी ठेवलेली वाट अशा रीतीने पूर्ण झाली. बांदोडकर ज्या दिशेने जाऊ पाहत होते त्याच्या नेमक्या उलट दिशेची ही वाट. तरीही मिरामारच्या किनाऱ्यावर त्यांची समाधी आहे आणि विलीनीकरणाला विरोध करणारेही त्यांचे नाव आदराने घेतात. यात विसंगती नाही. आपला मुख्य आग्रह जनतेपुढे ठेवायचा, त्यासाठी खुर्ची सोडायची, निकाल विरुद्ध गेला तर तो मान्य करायचा आणि हाती असलेले काम पुढे चालू ठेवायचे, एवढे लोकशाहीत नेत्याकडून अपेक्षित असते. बांदोडकरांनी ते केले. आणि नेत्याला ‘या बाबतीत नाही’ असे सांगूनही ‘बाकीसाठी तूच’ म्हणणारा मतदार गोव्याने दाखवला. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने या नेत्याइतकाच हा मतदारही अभ्यासावा.