रोइंग क्लबात मुलीला घालावं का?

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. तिला रोइंग शिकायचंय. क्लबात नेमकं काय शिकवतात? पाण्याची भीती वाटते. – एक पालक, नाशिक

उत्तर : ताई, भीती रास्त आहे, म्हणून आधी पोहणं. मुलीला कपड्यांसकट पोहता आलं पाहिजे. चांगल्या क्लबात ही चाचणी घेतात, उलटलेल्या बोटीतून बाहेर पडण्याचा सराव करून घेतात आणि प्रशिक्षकाची मोटरबोट जवळ ठेवतात. यातलं काही नसेल, तर तिथे प्रवेश घेऊ नका.

पहिले काही दिवस एर्गोमीटरवर, म्हणजे जमिनीवरच्या रोइंग यंत्रावर जातात. मुलं कंटाळतात, पण खरा पाया तिथेच घडतो. बसायची जागा रुळांवर मागेपुढे सरकते, त्यामुळे जोर दंडांपेक्षा पायांतून येतो. आधी पाय, मग पाठ, शेवटी हात. हा क्रम चुकला की कंबर दुखते. नंतर रुंद, स्थिर बोट. दोन हातांत दोन वल्ही असली तर स्कलिंग, दोन्ही हातांनी एकच ओढलं तर स्वीप. वाढत्या वयात स्कलिंगनेच सुरुवात करावी, शरीर दोन्ही बाजूंनी सारखं घडतं.

शर्यतींची घाई नको. चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर रोइंग शिकला आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उतरला. तुमच्या मुलीकडे भरपूर वेळ आहे. या सुट्टीत तिला पोहण्याच्या वर्गाला घाला.