रानातील शिरगणती

माणसांची शिरगणती करावयाची झाल्यास प्रगणक घरोघर जातो आणि कुटुंबातील माणसांची नोंद करून घेतो. परंतु रानातील जनावरांना ना दार, ना नाव. मग त्यांची गणती करावी तरी कशी?

परभणी जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या या काळ्या कसदार मुलखात वनक्षेत्र फारच थोडे आहे. तरीही येथील शेतशिवारांत काळविटांचे व रोह्यांचे कळप हिंडतात. एका रात्रीत ज्याचे कोवळे पीक फस्त होते, तो शेतकरी म्हणतो, “हरणे फार झाली!” निसर्गप्रेमी म्हणतो, “माळराने नांगरली गेली. हरणे उरली तरी किती?” या वादाचा निवाडा करण्यास आधी खरी संख्या हाती हवी.

उंच ज्वारीत वा तुरीत काळवीट सहज लपते. पण पिके निघाली की शिवार मोकळे होते. अशा वेळी निरीक्षकांनी आधी ठरविलेल्या सरळ रेषेवरून पहाटे मुकाट्याने चालावे, प्रत्येक कळपातील जनावरे मोजावीत आणि कळप रेषेपासून किती दूर होता, हेही टिपून ठेवावे. दूरची काही जनावरे दृष्टीतून निसटतातच. अंतर वाढेल तसे दिसणारे कळप किती घटतात, यावरून निसटलेल्यांचा अंदाज गणिताने बांधता येतो.

ताडोबासारख्या दाट अरण्यात ही रीत वाघाला लागू पडत नाही. तेथे वाटेच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर कॅमेरे बसवितात. माणसांच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात; त्यांवरून वाघ ओळखला जातो आणि तोच वाघ दोनदा मोजला जात नाही.

बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात मचाणावर बसून पाणवठ्यावरील प्राणी मोजण्याची प्रथाही महाराष्ट्रात आहे. ती रात्र मोठी रम्य असते. परंतु एकच जनावर दोनदा पाण्यावर येते, तर दुसरे मुळीच येत नाही. म्हणून त्या आकड्याला पक्की गणती म्हणता येत नाही.

पूर्वी वाघांची गणती पावलांच्या ठशांवरून होत असे. राजस्थानातील सरिस्का अरण्यात कागदोपत्री वाघ नांदत होते. 2005 साली मात्र तेथे एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. त्यानंतर देशभर कॅमेऱ्यांची पद्धत रुजली. 2022 च्या गणनेत भारतातील वाघांची संख्या सुमारे 3682 असल्याचा अंदाज निघाला.

फुगविलेला आकडा क्षणभर सुखावतो. पण तो संकटाची चाहूल लपवितो. खरा आकडा कटू असला, तरी तोच वेळेवर जागे करतो.

शब्दार्थ : शिरगणती – लोकसंख्येची मोजणी. रोही – नीलगाय. निवाडा – निर्णय.

स्वाध्याय :
1. पाणवठ्यावरील गणतीत कोणती उणीव राहते?
2. काळवीट व वाघ यांच्या गणतीच्या रीती वेगळ्या का?
3. “खरा आकडा वेळेवर जागे करतो.” हे सरिस्काच्या उदाहरणाने स्पष्ट करा.