तरुणांचे ऐकणे : वृद्ध एलीचा धडा



'हल्ली तरुण मुले चर्चला येत नाहीत,' हे वाक्य आपल्या बैठकांत हमखास ऐकू येते. ते बोलले जाते तेव्हा बहुधा एकही तरुण तिथे बसलेला नसतो. तरुणांविषयी आपण पुष्कळ बोलतो, त्यांना उपदेशही करतो. त्यांचे ऐकणे मात्र राहून जाते. आजच्या अभ्यासाचा विषय हाच आहे.

सिनडने काय ऐकले?

३ ते २८ ऑक्टोबर २०१८ या काळात रोम येथे बिशपांची सिनड भरली. विषय होता तरुण, त्यांची श्रद्धा आणि पाचारणाची पारख. तरुण म्हणजे १६ ते २९ वर्षांचे, असे धरले होते. त्याआधी मार्च महिन्यात पोप फ्रान्सिस यांनी देशोदेशींच्या सुमारे ३०० तरुणांना रोमला बोलावले. त्यांत इतर धर्मांचे आणि देव न मानणारेही होते. हजारो तरुण इंटरनेटवरून सामील झाले. ऑक्टोबरच्या सभागृहात तरुण बोलले, पण त्यांना मताचा हक्क नव्हता. २०२३ च्या सिनडमध्ये मात्र प्रथमच प्रापंचिकांना मत देता आले आणि त्यांत स्त्रिया व तरुणही होते. ऐकायला ख्रिस्तसभाही टप्प्याटप्प्यानेच शिकते.

सिनडच्या अखेरच्या दस्तऐवजात एक निरीक्षण स्पष्टपणे नोंदवले आहे. तरुणांचा खरा प्रश्न समोर येण्याआधीच त्यांच्या हाती तयार उत्तर ठेवले जाते. काही तरुणांना तर ख्रिस्तसभेने आपल्या वाटेला जाऊ नये असे वाटते, हेही पोप फ्रान्सिस यांनी २०१९ च्या 'ख्रिस्तुस विवित' या पत्रात मोकळेपणाने लिहिले.

एलीने काय केले?

शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाचा तिसरा अध्याय या आठवड्यात घरी सर्वांनी मिळून वाचावा. रात्री हाक येते. लहान शमुवेल तीनदा उठून वृद्ध एलीकडे धावतो. दोन वेळा एली त्याला 'जाऊन झोप' असे सांगतो. तिसऱ्या वेळी त्याला उमगते की, मुलाला देव हाक मारतो आहे. मग तो काय करतो? त्या हाकेचा अर्थ तो स्वतः सांगत बसत नाही. देवाला उत्तर कसे द्यायचे, एवढेच शिकवून तो मुलाला परत पाठवतो.

ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिस याची आई सुईण होती. आपलेही काम तेच, असे तो म्हणे. विचार दुसऱ्याच्या मनात वाढतो; आपण तो जन्माला यायला मदत करायची. एलीने त्या रात्री हेच केले.

पण खरी परीक्षा सकाळी झाली. देवाचा संदेश एलीच्याच घराण्याविरुद्ध होता. त्याचे मुलगे वाईट वागत होते आणि त्याने त्यांना आवरले नव्हते. हे सांगायला शमुवेल घाबरला. एलीने 'काही लपवू नकोस' म्हणून आग्रह धरला, सर्व ऐकून घेतले आणि देवाची इच्छा म्हणून मान्य केले. मुलावर तो रागावला नाही. आपल्याला आवडेल तेवढेच ऐकणे सोपे असते. आपल्याविरुद्ध जाणारे ऐकून घेणारा मनुष्यच तरुणाला विश्वासाचा वाटतो.

ऐकण्याचे तीन पैलू

'ख्रिस्तुस विवित'मध्ये सोबत करणाऱ्यांसाठी तीन गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली, माणसाकडे लक्ष : आपण किती वेळ देतो, यावरून ते कळते. दुसरी, पारख : त्याच्या बोलण्यात कृपा कोणती आणि मोह कोणता, हे ओळखणे. तिसरी, ओढ : आज तो जे बोलतो त्यापलीकडे त्याला खरे कुठे जायचे आहे, हे जाणणे. आणि शेवटी ऐकणाऱ्याने बाजूला व्हायचे. अम्माऊसच्या वाटेवर प्रभूने आधी प्रश्न विचारले, शिष्यांचे ऐकून घेतले, मग शास्त्र उलगडून सांगितले. आणि ओळख पटताच तो दिसेनासा झाला. त्यानंतर शिष्य आपल्या पायांनी यरुशलेमला परतले.

आपल्या उपनगरात

आपल्याकडे कुणी अंधेरीच्या सीप्झमध्ये रात्रपाळी करतो. रविवारी सकाळची मिस्सा ही त्याची झोपेची वेळ असते. कुणाची चाळ पाडून टॉवर उभा राहतो आहे आणि तोवर कुटुंब विरारला भाड्याने राहते. आजी रोझरी मराठीत म्हणते, नातू इंग्रजीत विचार करतो. एखादी मुलगी ख्रिस्ती नसलेल्या मुलाशी लग्न करू इच्छिते, पण घरात विषय काढायला घाबरते. 'चर्चला का येत नाहीस?' हा प्रश्न या सर्वांना एकच वाटतो : हजेरीचा. 'सध्या कसे चालले आहे?' असे विचारून थांबलो, तर निराळी उत्तरे मिळतील.

ऐकणाऱ्याने दोन पथ्ये पाळावीत. एक, विश्वासाने सांगितलेली गोष्ट पायरीवर किंवा शेजारी बोलू नये, 'तुझ्या भल्यासाठी' म्हणूनही नाही. दोन, गुप्ततेचे सरसकट वचन देऊ नये. १८ वर्षांखालील मुलाने लैंगिक अत्याचाराविषयी सांगितले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. कुणी जीव नकोसा झाल्याचे बोलला, तर त्याला एकटे सोडू नये. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते.

आणि ऐकल्यावर काहीतरी बदलले पाहिजे. तरुणांनी मिस्साच्या वेळेविषयी, गायनाच्या भाषेविषयी किंवा चर्चच्या खर्चाविषयी काही मांडले, तर त्याचे काय झाले हे त्यांना कळवावे. नकार असल्यास कारणासह कळवावा. आपले म्हणणे कुठे गेले हेच कळले नाही, तर तरुण पुन्हा बोलायला येत नाहीत.

कुटुंबात चिंतनासाठी

१. आपल्या घरातील तरुण कुणाशी मोकळेपणाने बोलतो? त्या व्यक्तीत असे काय आहे?
२. आपल्याविरुद्ध बोललेले आपण शेवटचे कधी शांतपणे ऐकले?
३. या आठवड्यात कोणत्या एका तरुणाला, सल्ला न देता, अर्धा तास देता येईल?

तरुण शलमोन राजाने देवाकडे धन मागितले नाही, ऐकणारे हृदय मागितले. तेच दान प्रभू आम्हां धर्मगुरूंना आणि आपणां सर्वांना देवो.