कानात गुंई आणि फिरतीची नोकरी

प्रश्न : मी तारापूर एमआयडीसीत लूमवर काम करतो. वर्षभर दोन्ही कानांत गुंई आहे. आता फिरतीची सर्व्हिस इंजिनिअरची नोकरी चालून आलीय : वापी, मुंबई, अधूनमधून विमान. घेऊ का? – वाचक, बोईसर

उत्तर : फिरतीला घाबरू नका, गोंगाटाला घाबरा. ८५ डेसिबलच्या वरच्या आवाजात रोज आठ तास काढले, की कान कायमचा दुखावू शकतो. लूमचा खडखडाट सुटणार असेल, तर ही नोकरी फायद्याचीच.

आधी ईएनटी तज्ज्ञांकडून ऑडिओमेट्री करून घ्या. आवाज नाडीच्या ठोक्यांसोबत येत असेल, तर तपासणी टाळू नका. अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी दाखवा.

डहाणू लोकलच्या प्रवासात हेडफोनचा आवाज चढवू नका. इअरप्लग मशीनजवळच घाला. शांत खोलीत घातले तर गुंई जास्तच जाणवते. लॉजवर रात्री पंखा चालू ठेवा. विमानात पंखाच्या पुढची सीट मागा. सर्दी असेल तर उड्डाण टाळा.

मालकाला विचारायचं ते एवढंच : महिन्यात किती रात्री बाहेर? झोप मोडली की गुंई जास्त छळते. सलग जागरणं असतील, तर पगार कितीही असो, नकार द्या.